आदेशानुसार व नावाने

करवीर तहसील, आवक-जावकचं टेबल.
बारा वर्षं मी शासन निर्णय फोडते,
प्रत्येकाच्या शेवटी तीच ओळ:
‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’.
खाली सही कक्ष अधिकाऱ्याची.

चिखलीच्या पुराचं अनुदान त्यांच्या नावाने,
छत्र्यांची खरेदी त्यांच्या नावाने.
तहसीलदार मॅडमना गडचिरोली, तीही.
त्यांची आई मला विचारत होती,
“एवढ्या मोठ्या माणसाचं
माझ्या पोरीनं काय वाकडं केलं गं?”

परवा ते खरंच आले, विद्यापीठाच्या पदवीदानाला.
सर्किट हाऊसवर माझी ड्युटी, पाण्याच्या बाटल्या मोजायच्या.
भाषण कुणी लिहिलेलं, दौरा कुणी आखलेला,
मिनिटामिनिटाच्या त्या कागदात
‘१६.१० ते १६.२५ राखीव’
एवढंच त्यांचं.

तेवढ्यात ते व्हरांड्यात आले, एकटेच.
“इथून पंचगंगा दिसते का?”
“नाही महोदय. पाणी चढलं तर तीच येते बघायला.”
हसले. जिन्याकडे दोन पावलं टाकली,
एडीसींनी घड्याळ बघितलं,
दोन पावलं परत.

सोमवारी टपाल.
आमच्या बोअरच्या दुरुस्तीस मंजुरी,
त्यांच्या आदेशानुसार.
शिक्का हातातच राहिला माझ्या.
म्हटलं, त्यांना कळवावं का?