साल

लाकूड आलं की आधी साल काढायची.
मग लोखंडी पिंपात निजवून, दार आवळून,
दाबाखाली काळं तेल पाजायचं, पोटभर.
बाहेर काढल्यावर एकेकाच्या डोक्यात खिळा,
खिळ्याच्या टोपीवर आकडे : एकतीस. अडतीस. सत्तेचाळीस.
एक साल जायची, दुसरं साल यायचं.
आता वाळवी नाही, बुरशी नाही,
खाऱ्या पाण्यातला पोखरकिडासुद्धा तोंड फिरवेल,
म्हणायचा माझा बाप, ताउनो,
जणू लाकडाला त्यानंच अभय दिलंय.

ऊन त्याचं वैरी होतं.
तेलाच्या हातांवर ऊन पडलं की कातडी पेटायची,
म्हणून उन्हाळाभर रात्रपाळी.
उजाडायच्या आत घरी.
पायरीवरच कपडे उतरवायचे,
आई ते काठीनं उचलून टबात टाकायची, वेगळ्या टबात,
आणि तो सौनात जाऊन बसायचा.
गालांची साल निघालेली, मानेवर काळे ठिपके.

आई म्हणायची, दुसरी नोकरी बघ.
तो हसायचा. त्याच्या गावाकडे, फिनलंडला, म्हणतात ना,
सौना, दारू आणि डांबर
यांनी जे बरं होत नाही, ते मरणच.
मला तर तिन्ही मिळतात, लेम्पी, आणि वर पगार.

पण ते डांबर पाइनचं होतं.
जंगलात खड्डा करून, मंद आचेवर, थेंबाथेंबानं उतरलेलं.
त्याच्या आजीनं त्याच्या छातीला चोळलेलं.
हे कोळशाचं.
नाव एक, वास जवळपास एक,
एवढ्यावर माणूस आयुष्य काढू शकतो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी गेला. कातडीपासून सुरू झालं होतं.
सौना चालू होता. दारूही होती.

आज एल्डर कोव्हच्या खाडीवरचा रेल्वेपूल उपटतायत.
गाडी बंद होऊन तीस वर्षं झाली,
पण खांब तसेच, ताठ. कुजणार कसे?
तराफ्यावरची क्रेन खांबाला चिमटा लावते,
हलवते, दात हलवावा तसा,
आणि चिखल सोडताना पाण्यावर तेलाची इंद्रधनुषी साय पसरते.
इतक्या वर्षांनीही.

लोरीन जोसेफ गमबूट घालून ओहोटीत उभी.
तिच्या आज्या इथंच हेमलॉकच्या फांद्या पाण्यात सोडायच्या,
हेरिंग येऊन त्यांवर गाबोळी लावायची,
फांद्या वर काढल्या की जेवण.
मग फांद्या कमी झाल्या, खांब वाढले.
मासळीला काय, टेकायला काहीतरी हवं.

तिनं मला दोन काचा दाखवल्या.
पहिलीत समुद्रगवतावरची अंडी :
प्रत्येकात दोन काळे टिपके, डोळे, वळवळणारे.
दुसरीत खांबावरची.
पांढुरकी, शिजल्या साबुदाण्यासारखी.
डोळा धरलाच नाही एकीनंही.
काही बोलली नाही ती. काचा पुसून डबीत ठेवल्या.
तिला माझं आडनाव माहीत आहे.

वरून स्लीपर उतरले तेव्हा मी खिळे बघत होते.
तेवीस. एकतीस. एकतीस. पुसट.
सत्तेचाळीस दुपारी निघाला.
माझ्या जन्माचं साल, आणि कदाचित त्याचाच घाव,
टोपी किंचित डावीकडे कललेली. डावखुरा होता तो.
करवतीनं कापलं तर आतला गाभा पिवळा, कोरडा,
तेल दोन बोटं आत शिरलंय फक्त.
झाडाला शेवटपर्यंत कळलं नसेल.

खिळा मला द्याल का, मी विचारलं.
हातमोजे घाला आधी, लोरीन म्हणाली.
लाकडानं तो सोडलाच नाही.
दोघांनी पहार लावली, तिसरा शिव्या देत राहिला,
शेवटी ट्रक आला आणि खिळ्यासकट तुकडा गेला,
प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्याकडे.

संध्याकाळी ऊन तापलं तशी
किनाऱ्यावरच्या ढिगातून काळी आसवं पाझरली
(आसवं कसली, तेल ते)
आणि वास आला.
मी वाऱ्याच्या दिशेनं चार पावलं पुढे गेले,
डोळे मिटून उभी राहिले.
पायरीवर कुणीतरी बूट काढत होतं.

हे लोरीनला सांगितलं नाही.