वॉटरमार्क

एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
तपासणीला होतो.
कागद उजेडाकडे धरायचा,
आतली खूण दिसली की पुढचा.
खूण नाही तर माल खोटा.
एवढं सरळ होतं नाशिकरोडचं जग.

आता जो तो सांगतो, वॉटरमार्क नको हो,
तो फुकट्याचा शिक्का.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर
गेटवर रोज खिसे उलटे करून दाखवायचो,
आत न्यायची सोयच नव्हती.
त्यामुळे हात असा. किंवा वयामुळे असेल.
कुमुदला साठाव्या वर्षी स्कूटर शिकायची होती,
गोल्फ क्लबजवळ, सकाळी साडेसहाला.
मी मागून फोन धरून पळालो.
सतरा तुकडे. त्यातले तीन नुसते माझ्या चपलांचे.

हे जोडायचं कशात?
वरच्या मजल्यावरची गायधनींची ऋजुता म्हणाली,
काका, आधी लॅपटॉपला विचारा, त्याला काय झेपतं.
पहिलं उघडलं तर विमानाचा पुढचा भाग,
इतकी बटणं की मी हात मांडीवर ठेवून बसलो.
दुसरं महिन्याला भाडं मागत होतं.
तिसऱ्याने पंखा असा घरघरवला
की कुमुद आतून ओरडली, कोणी मिक्सर लावलाय?
चौथं साधं. तीन पट्ट्या : चित्र, आवाज, अक्षरं.
फुकट. फक्त कोपऱ्यात त्यांचं नाव राहणार.

साधं म्हणजे सोपं नव्हे.
पहिल्या आठवड्यात सेव्ह केलेली फाइल
सिन्नरला मेहुणीला पाठवली.
उघडत नाही म्हणाली. पुन्हा पाठवली.
ऋजुता हसली नाही, हे तिचं मोठेपण.
काका, ही नुसती रेसिपी गेली, भाजी घरीच राहिली.
एक्सपोर्ट करावं लागतं.

मग शहाणपणाने फोल्डर आवरले, तारीखवार,
तर सगळ्या पट्ट्या लाल : फाइल सापडत नाही.
नीटनेटकेपणाला शिक्षा
नोकरीत कधी पाहिली नव्हती.

कापायला मात्र लगेच आलं.
डाग, तिरकी छपाई, सुटलेली शाई :
हाताला सवय होतीच बाजूला काढायची.
चपला गेल्या.
आडवा आलेला कुत्रा गेला.
"अहो, यातला ब्रेक कुठला?" गेलं.
पडली तो भाग तर तिनेच बजावलं होतं, ठेवू नका.
उरले चाळीस सेकंद, निर्दोष.
वर एक बटण होतं, हालणं घालवणारं. दाबलं.
माझी थरथर गेली, तिचीही.
पडद्यावर कोणी परकी बाई,
स्कूटर शिकूनच जन्माला आलेली.

कंट्रोल झेड.
कंट्रोल झेड.
कुत्रा परत आला. ब्रेक परत आला.
पडली. आणि मी फोन टाकून धावलो होतो,
म्हणून पुढे नुसतं आभाळ, नऊ सेकंद,
आभाळात दोघांचे आवाज :
लागलं का?
नाही हो.
रक्त आलंय.
येऊ दे. ते चालू आहे का अजून?

त्या नऊ सेकंदांना हात लावला नाही.
त्यांच्यावर संगीतही घातलं नाही,
ऋजुता म्हणत होती तरी.

सत्त्याऐंशी टक्क्यांवर अडलं वीस मिनिटं.
दोनदा चहा झाला.

रात्री टीव्हीला लावलं.
कुमुद चष्मा पुसत म्हणाली,
ते कोपऱ्यात पुसट काय लिहिलंय?
असू दे, म्हटलं.
मान जरा तिरकी झाली होती माझी,
जुन्या सवयीने.

"पडल्याचं काढलं नाहीत ना," ती म्हणाली,
आणि माझ्या हातातून रिमोट घेऊन
मागे नेलं.