बंद लाईन

मोचेमाडच्या वळणावर, खाडीपासून सातवा खांब.
त्यापुढची तार वादळापासून बंद.
ज्या घराला जायची ते कुलपात;
मीटर मीच काढून आणला होता, आत पालीची अंडी.

इनास फर्नांडिस म्हणाला, "काप रे ती.
तिच्यार बसान माज्यो माशयो खातत."
काजूखाली त्याच्या सातेरीच्या सात पेट्या,
पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून.
मुंग्यांचा बंदोबस्त झाला.
आभाळाच्या पायाखाली वाटी कुठे ठेवणार?

चढलो. पट्टा आवळला. पक्कड काढली.
मला बघून सगळे उडाले.
मी हललो नाही, तसे एकेक करून परत आले:
सहा वेडे राघू, चार हातांवर, अंगाला अंग लावून,
डोळ्यांत काजळ,
शेपटीतून एक काडी जास्तीची
शिंप्याचा दोरा तोडायचा राहून गेल्यासारखी.

एक सुटला.
आधी थोडा खाली, मग हवेला गाठ मारून वर,
आणि पंख उघडे टाकून, आरामात, आपल्याच जागेवर.
चोचीत चतुर.
दुसरा गेला, रिकामा आला.
तिसऱ्याने काहीतरी आणलं आणि तारेवर आपटलं. टक्. टक्.
मग घासलं, नांगी निघेपर्यंत.

ते मला हाताला लागलं.
डाव्या तळव्याखाली, तारेतून आलेलं.
बावीस वर्षं मी तारेत एकच बघतो: आहे की नाही.
हिच्यात काही नाही, असं रजिस्टरात माझ्याच सहीने आहे.
टक्.

मोजायला लागलो. नोकरीची खोड.
सतरा फेऱ्या, सात फुकट.
चार चतुर, एक गांधीलमाशी, दोन मला न ओळखलेल्या,
आणि इनासच्या तीन.
त्या तीन हिशेबातून काढता येत नाहीत.
पण गांधीलमाशी तरी कशी काढू?
तीच तर पेटीच्या दारात टपून बसते.

"कापलंस?" खालून हाक.
"लेखी ऑर्डर लागते," मी म्हणालो.
हे अगदी खोटं नव्हतं.

इनास कपाळावर हात धरून बराच वेळ वर बघत राहिला,
माझ्याकडे की त्यांच्याकडे, कळलं नाही.
"मगे उतर. च्याय घे."

बशीत चहाबरोबर त्याने बोटभर मध घातला,
काजूच्या मोहराचा, जिभेला जरा तुरट.
पक्कड खिशात तशीच.
निघताना तारेवर पाच होते.
सहावा हवेत.