पाचवा ताप

जूनमध्ये रुजू झाले. नोव्हेंबर संपत आला.
एवढ्यात हा पाचवा ताप.
पहिल्याला घरी फोन केला होता,
दुसरा फक्त खोलीतल्या मैत्रिणीला सांगितला,
तिसऱ्याचा घसा आणि चौथ्याचे जुलाब
रजेच्या अर्जात एका ओळीत मावले.
आता सांगण्यासारखं काही उरलं नाही.
तापच मला सांगतो,
नाइट आहे ना आज? हो पुढं, आलोच.

कॉर्नेलिया सिस्टर म्हणतात, पहिलं वर्ष असंच.
वॉर्ड आपल्याजवळचं सगळं तुला एकेकदा देऊन बघतो,
मग ओळख पटते.
त्यांना सत्तावीस वर्षं झाली.
त्यांचे आता फक्त गुडघे दुखतात.

खिशावरच्या बिल्ल्यावर माझं नाव कानडीत,
गोल गोल, जोंधळे सांडावेत तसं.
अजून घडघड वाचता येत नाही,
पण धोब्याकडून आलेल्या ढिगात
माझा बिल्ला मी आकारावरून उचलते.

झोपेतही सलाइनचे थेंब मोजते.
जागेपणी तीन तीनदा मागे फिरते,
चावी नीट बसवली ना,
सहा नंबरचं इंजेक्शन सहालाच दिलं ना.
मंगळवारी चौदा नंबरचे आजोबा गेले.
दुपारच्या आत गादीवर नवी चादर, चादरीवर नवा माणूस,
आणि मी चादरींच्याच खोलीत दार लावून रडले,
सहा मिनिटं.
घड्याळ छातीवर लटकत होतं म्हणून कळलं.

आई फोनवर म्हणाली,
आवाज बसलाय की गे तुझा. खोकूलालीस होय?
काय खाऊलालीस तिथं?
पेज, म्हणाले. खोटं होतं.
मेसमध्ये उप्पीट होतं आणि मी तेही खाल्लं नव्हतं.
मग तिनं जांबोटीच्या वडापवाल्याकडे
वेलीवरची मिरी पाठवली,
भावाच्या गणिताच्या वहीच्या पानात बांधून.
पानावर एक भागाकार, अर्धाच सोडवलेला.

तीन वाजता नऊ नंबरला गेले.
निंगव्वा. निपाणीची. चाळीस वर्षं विड्या वळल्या,
बोटं झोपेतही वळत असतात
पांघरुणाची कड.
तिचा ताप नव्याण्णव.
बाजूला होऊन, थर्मामीटर पुसून, मी माझा बघितला.
एकशे एक.
तिच्या कागदावर तिचा लिहिला.
माझ्यासाठी रकाना नाही.

तिनं मनगट धरलं.
धरायचं मी असतं, धरलं तिनं.
आराम अदी येनव्वा?

जूनमध्ये हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
मी म्हणाले होते, आराम कुठला आजी,
सुट्टी सकाळी साडेसातला!
अख्खा वॉर्ड हसला होता.
इकडं आराम म्हणजे पडून राहणं नव्हे,
बरं असणं,
हे मग शिकले.
रोज मीच विचारते आता, खाटेखाटेला,
आराम अदीरी? आराम अदीरी?
उत्तराची वाट न बघता पुढं सरकते.

आज मला विचारलं, आणि मला कळलं काय विचारलं ते.
इल्ला, म्हणाले.
सहा महिन्यांत कुणालाही न दिलेलं उत्तर
दुसऱ्याच्या भाषेत पटकन निघालं.

ती काही बोलली नाही.
पाय आखडून घेतले फक्त,
खाटेच्या कडेला वीतभर जागा झाली.
खाटेवर बसायचं नाही, नियम आहे.
नाडी पंधरा सेकंद मोजायची, चारनं गुणायची,
पुढं जायचं, हाही.
मी स्टूल ओढलं आणि
पूर्ण मिनिट मोजलं.
मधे कुठंतरी आकडा चुकला,
पुन्हा एकपासून मोजलं.

मग अकरा नंबरनं हाक मारली,
सिस्टर, नीर कोड्री.
उठले. खिशातली एक मिरी दाढेखाली फोडली,
डोळ्यांत टचकन पाणी.
आले, म्हणाले. आले.