बावीस सेंटिमीटर

हेल्टरमाच्या धक्क्यावर, तिकीटघरामागच्या खोलीत
एक डबा आहे, पावाच्या लादीएवढा.
पंखा नाही, पडदा नाही, काम एकच :
समुद्रात रोवलेल्या सात काठ्यांना
दर दहा मिनिटांनी विचारायचं,
बर्फ किती झाला?

आधीची प्रणाली म्हणजे नाकापेक्षा मोती जड.
छपाईची सोय होती, छापणार काय?
ब्लूटूथ होतं. आवाज होता, ऐकणार कोण?
दोनशे भाषांतल्या तारखा होत्या.
बर्फावरून गाडी नेताना आम्ही पट्टा बांधत नाही,
अडीच टनांच्या वर वजन नेत नाही.
लहानपणापासून हेच शिकलेली मी,
नोव्हेंबरभर लिनक्स पाखडत बसले.

एक नाव पुसायचं,
बांधणी-सेवेकडे धाडायचं, चहा ठेवायचा.
दूर कुठल्याशा तळघरात कुणी यंत्र
माझ्यासाठी रिकामी खोली झाडतं,
कंपायलर आणून मांडतं, पॅकेज बांधतं,
आणि खोलीच मोडून टाकतं.
दर वेळी कोरी खोली. मागच्या भाडेकरूचा
खिळासुद्धा नाही भिंतीत.
हिरवं. हिरवं. लाल.
एका लायब्ररीला हात लावला
की तिच्यावर विसंबलेले चाळीस जण
निमूट रांगेत, पुन्हा बांधून घ्यायला.

एका शुक्रवारी घोडं अडलं.
एकच ओळ आली :
'जाडमाप'ला 'काठीवाचक' हवा आहे,
तो कोणीच पुरवत नाही.

एन्देल राउड्सिक पुरवायचा.
काठ्या त्याने रोवल्या, त्यांची बोली त्यानेच लिहिली.
मार्चमध्ये इस्पितळातून शेवटचा बदल पाठवला,
पहाटे चार दहा :
"उणे तिसाखाली तिसरी काठी खोटं बोलते. दुरुस्त."
एप्रिलमध्ये तो गेला.
त्याच्या सहीची किल्ली ऑगस्टपर्यंत चालत राहिली.

हेल्वीने गळांच्या पेटीतून डिस्क काढून दिली,
म्हणाली, मला वाटलं यात फोटो असतील.
अकराशे ओळी. मी माझ्या किल्लीने सही केली.
शेवटाजवळ दोन ओळी होत्या आवाजाच्या.
आवाज तर मी केव्हाच काढला होता.
त्याही पुसल्या.
हिरवं.
एकाहत्तर मेगाबाइट, सगळं मिळून.
खरं सांगते, मी एकटीच नाचले.

डबा बसवायला गेले, तर तिकीटखिडकीतून मायमू :
आता हा वाजणार नाही का?
कधी वाजतो?
बावीस झाले की. एकदाच. एन्देलने करून दिलेलं,
माझे डोळे असे. मग मी पाटी बदलते,
रस्ता खुला.

कुठल्याच यादीत नव्हतं
की मायमूला हे हवं आहे.

घरी येऊन आवाज परत घातला,
दोन ओळी होत्या तशा.
चाळीस जण पुन्हा रांगेत.
डबा थोडा जड झाला.

आज एकोणीस.