सांगण्याजोगं तेवढंच

काचेच्या भांड्यातून कारकुनानं चिठ्ठ्या उचलल्या.
अकरावी माझी: युफेमिया गेडिस,
शाळेच्या भटारखान्यात वाढपी,
वय तेव्हा एक्केचाळीस.

दार लावून आत कोण काय म्हणालं
ते सांगायला कायद्याची बंदी आहे.
म्हणून बाहेरचं सांगते.

डंडीत त्या आठवड्यात धुकं नदीवरून उठायचं,
कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत यायचं
आणि तिथंच थांबायचं
साक्षीदारासारखं, पुकारा होईपर्यंत.

आरोपी टॅम लोरिमर. बंद पडलेल्या ताग-गिरणीतला.
मॅनेजरची शेड जळाली होती, आत कुत्रा होता.
कोट उसना. बाह्या थेट बोटांवर.
रॉकेलचा डबा आमच्या हातांतून फिरला,
चिठ्ठी लावलेला, रिकामा, धुतलेला.
तरी दोन दिवस माझ्या बोटांना वास होता.
होता, की मीच शोधत होते?

त्याची आई रोज आमच्याकडे बघायची,
एकेकाकडे, सावकाश,
बाजारात बटाटे निवडावेत तशी.

तीनशे पोरांना वाढते मी.
कुणाला किती, बघताक्षणी कळतं.
माझ्या हातचा डाव कधी चुकला नव्हता.

आमच्याकडे निकाल तीन:
दोषी. निर्दोष.
आणि तिसरा, सिद्ध झालं नाही,
ताटात उरलेल्या घासासारखा,
खाववत नाही, टाकवत नाही.
पंधरातले आठ पुरतात शिक्षेला.
सात झाले.
त्या सातांत मी होते का,
ते विचारू नका.

वॉटीनं विचारलं, त्याच रात्री. "मग?"
म्हटलं, बटाटे खारट झालेत.
सव्वीस वर्षं विचारत राहिला,
आधी रागानं, मग गमतीनं,
शेवटी इस्पितळात, नाकात नळी असताना,
नुसती भुवई वर करून.
मी त्याची उशी नीट केली.

गेल्या हिवाळ्यात, बेकरीच्या दारात,
एक म्हातारा बाजूला सरला.
"आधी तुम्ही."
कोट त्याचाच असावा, बाह्या तोकड्या.
ओळखलं असेल? पंधरा चेहरे, पाच दिवस,
आणि बघण्याखेरीज त्याला काम काय होतं.

आत गेले. सुटे पैसे दोनदा मोजून दिले.
घरी येऊन पिशवी उघडली
तर पाव तिथंच राहिला होता.