उणे एकतीस

सकाळचे सहा. उणे एकतीस.
वर्ना हाउगलंड, वय एकसष्ट, धंदा नालबंदीचा,
नव्या विजेच्या ट्रकमध्ये चढते
आणि पडदा अदबीनं कळवतो
की सीट गरम व्हायची फुकटातली मुदत
काल रात्री बारा वाजता सरली.
दरमहा अठरा डॉलर.
‘हो’ की ‘नंतर’?

हातमोज्यातलं बोट पडद्याला कळत नाही.
ती दातांनी मोजा ओढते, ‘नंतर’ दाबते.
शेजारी भाचा आन्सेल, मांड्यांत थर्मास धरून,
कारण थर्मास ठेवायची खोबण या मॉडेलात नाही.

काय काय नाही, याची यादी तिनं केली नव्हती.
ते कळत गेलं एकेक,
अंधारात जिना उतरताना
पायाला कळतं तसं, की पायरी संपली.
चढताना हात सवयीनं वर गेला, तिथं धरायला मूठ नव्हती.
पावती खोचायला गेली, चिमटा नव्हता.
जुन्या ट्रकात राखदाणी होती.
ती सिगारेट कधीच ओढत नव्हती.
राखदाणीत खिळे असायचे, पाच नंबरचे,
न बघता बोटांना सापडणारे.
आणि हीटरची ती ओबडधोबड खुंटी:
जाड मोज्यातही फिरायची,
कुरकुरत, पण फिरायची.

“तारा आहेत की सीटमध्ये,” सेल्समन म्हणाला होता,
“सगळ्याच गाड्यांत बसवून येतात.”
आहेत.
त्यांच्यावरच तर बसलीय ती.
विकत घेतलेल्या तारा,
रोज चाळीस मैल वाहून नेलेल्या,
तिच्याच हाडांखाली, गार.
घोडा आपला, खोगीर भाड्याचं.

रेड नदीच्या खोऱ्यात या दिवसांत
रस्ता आणि शेत यांत फरक फक्त खांबांचा.
खालच्या मातीत बीट होतं, आता काही नाही.
ट्रक आवाज करत नाही.
त्याचंही तिला अजून विचित्रच वाटतं,
कुणीतरी रागावून गप्प बसल्यासारखं.

आन्सेल एकोणीस वर्षांचा. त्याला कशाचंच नवल नाही.
“तुझं तरी काय वेगळंय, मावशी?
दर सहा आठवड्यांनी तेच घोडे, तेच पैसे.
तूसुद्धा वर्गणीच.”

वर्ना बोलत नाही.
एक धान्याचं कोठार मागे जातं.
बऱ्याच वेळानं दुसरं.
अकरा मैल.

मग रस्त्यावरची नजर न काढता:
“खूर वाढतो, आन्सेल.
म्हणून जाते मी.
सीट वाढते का?”

क्वामेंच्या तबेल्यात तांबूस घोडी
डावा पाय उचलून उभी.
वर्ना तळहात लावत नाही, हाताची पाठ लावते,
पोराचा ताप बघावा तशी.
गरम. आत पू धरलाय.
कुठली ऊब बरी आणि कुठली वाईट
हे चाळीस वर्षांत त्या पाठीनं शिकून घेतलंय.
ती खूर कोरते, निचरा करते, बांधते.
उरलेल्या तिन्ही पायांना नाल ठोकते.
पैसे एकदाच घेते,
आणि पायाचं बघायला परवा येते म्हणते,
त्याचे नाही.

निघताना भट्टी अजून लाल आहे.
एक झिजलेली नाल ती चिमट्यानं आत धरते,
काढते, बर्फात टेकवते, चर्र होऊ देते,
पुरेशी निवली की गोणपाटाच्या चार घड्यांत गुंडाळते
आणि सीटवर ठेवून तिच्यावर बसते.
पडदा विचारतो, ‘हो’ की ‘नंतर’?
ती विचारू देते.

जळक्या तागाचा आणि खुराचा वास
नव्या प्लास्टिकच्या वासात हळूहळू मिसळतो.
गाव सुटतं. काचेच्या कडेनं बर्फ चढत येतो.
आन्सेल एकदा थर्मास हलवून बघतो. रिकामा.
मांड्यांखाली हात घालतो. काढतो.

“अजून एखादी नाल होती का गं?”

“अठरा डॉलर,” वर्ना म्हणते.